यजमान

जनू नाखवा भाऊच्या धक्क्यावरून कुरव घेऊन येतो
थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ न घालता.
हे शिकवायला मला दोन हिवाळे लागले,
कोळ्याचा हात मेलेल्याला बर्फाशिवाय ठेवायला धजत नाही.
“रेवसचे लाँचीमागं उरत व्हता, न् धपकन परला.”
मी वही उघडते. तारीख.
वजन तीनशे नव्वद ग्रॅम.
साडेपाचशे तरी हवं होतं.

घाई करायची नाही, असं चौगुले सर सांगतात.
पांढऱ्या कागदावर ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं.

पक्षी निवत जातो तशा उवा वर येतात.
पंखातल्या लांबट, काडीसारख्या, पिसाच्या रेघांत बसतील अशा,
मानेवरच्या वाटोळ्या, जिथं त्याची चोच पोचत नव्हती.
कागदाच्या कडेपर्यंत चालतात, थबकतात,
बिल्डिंग धोकादायक ठरल्यावर भाडेकरू
गाद्या-भांडी घेऊन जिन्यात उभे राहावेत तशा.
लडाखच्या कुठल्या तळ्याकाठी
आईच्या पंखातून पिल्लाच्या पंखात आल्या असतील,
मग बसल्या जागी हिमालय ओलांडून
परळच्या या टेबलावर.
एखादी माझ्या मनगटावर चढते.
माझी ऊब तिच्या उपयोगाची नाही.
तरी उतरत नाही.

मग पोट.
गाठ्या, भिजून लापशी झालेल्या.
लाँचवरून कुणा पोरानं उंच फेकल्या असतील,
बाप मोबाइल धरून “अजून एक टाक” म्हणत असताना.
बोयचे खवले. निळ्या दोऱ्याचा तुकडा.
आणि आतड्याच्या घडीत ते,
तिळाहून बारीक, चपटे, तोंडानं धरून राहिलेले.
सरांनी एकदा फळ्यावर काढून दाखवलं होतं:
शिटेतून अंडं चिखलात,
चिखलातून गोगलगायीत,
तिच्यातून सुटून बोयच्या मांसात,
बोय गिळली की परत इथं.
बाण काढता काढता खडू मोडला.

ट्रॉम्बेच्या खाडीत त्याच चिखलात
बाप पाग टाकायचा,
आई वाकून निवट्या शोधायची, मांडीपर्यंत काळी.
फळा तिनं पाहिला नव्हता.
कालवणाला दुसरी उकळी आल्याशिवाय
आम्हाला वाढायची नाही, एवढंच.

फॉर्मवर एक रकाना आहे: यजमान.
नोकरीला लागले तेव्हा मी त्यात
स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं,
मोरेश्वर दामोदर पागधरे.
सर हसले. मग चष्मा काढून म्हणाले, कुमुदिनीबाई,
इथं पक्ष्याचं नाव.
ज्याच्या जिवावर बाकीचे जेवतात, तो यजमान.
मी खोडलं.
खोडताना हिशेब करत होते:
गोदीतलं काम सुटून तेव्हा सहा वर्षं झाली होती त्याला,
खाट, विडी, पेपरातलं शब्दकोडं,
पगाराच्या दिवशी दारात आधीच उभा.
शाई सुकायच्या आत मला
त्या रकान्यात माझं नाव दिसलं.
लिहिलं मात्र, कुरव.

मरणाचं कारण?
कृमी नव्हेत, सर म्हणतात.
इतके तर धडधाकट पक्ष्यातही निघतात,
खाऊन-पिऊन एकमेकांना सांभाळून असतात ते.
दोरा असेल. भूक असेल. लिही, अनिश्चित.
मी उवा ब्रशनं टिपून कुपीत घालते,
कृमी दुसऱ्या कुपीत,
आणि पंख मिटवते, त्याची गरज नसताना.

शिवडीच्या खोलीत मोरेश्वर स्टोव्हपाशी.
भात लावलाय, थोडा करपवलाय.
मी पाटावर बसते तसा मागून वाकतो,
थांब, हलू नकोस म्हणतो,
माझ्या केसांतून चिमटीत काहीतरी उचलतो,
ट्यूबलाइटखाली धरून बघतो.
“कुठली गं ही?”
लांबची आहे, मी म्हणते. लडाखची.
तो आणखी जरा जवळ नेतो डोळ्याच्या.
मारत नाही.
“आणखी आहेत का बघ,” म्हणून
मी मान पुढं करते.